खाली कोण?

१

सायवनच्या अलीकडे खाणीचा फाटा लागतो. फाट्यावर उंबराचं झाड, झाडाखाली पत्र्याची शेड, आणि शेडच्या कपाळावर हाताने रंगवलेली पाटी, 'ब्रेकचे काम करून मिळेल'. ना नाव, ना नंबर. कोणी विचारलंच तर लाहू म्हणायचा, "ज्याचा ब्रेक लागतो तो इथे थांबतो. ज्याचा लागत नाही तो खाली उतारावर जाऊन थांबतो. नावाचं काय करायचंय?"

खाणीतली खडी भरून दहाचाकी डंपर इथून कासा-चारोटीकडे उतरायचे. उतार सरळ नाही, तीन वळणं घेतो, आणि पाठीवर वीस टन माल. त्यामुळे कामाला तोटा नव्हता. लायनर बदल, ड्रम उतरव, टाकीतलं पाणी सोड, चाकाचाकाचा ब्रेक आवळून दे. बारा वर्षं लाहूने याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

आणि हे काम एकट्याचं नाही बरं का. एकाने गाडीखाली उताणं पडायचं, दुसऱ्याने केबिनमध्ये बसायचं. खालचा सांगणार, "दाब." वरचा पायाखाली ब्रेक दाबून सांगणार, "दाबला." मग चाकाजवळच्या बूस्टरमधून, म्हणजे हवेच्या डब्यातून, लोखंडी दांडी बाहेर येते आणि ब्रेकच्या आडव्या हाताला, त्या लोखंडी तरफेला, ढकलते. ती किती बाहेर आली ते खालच्याने बघायचं, पान्याने बोल्ट आवळायचा, आणि म्हणायचं, "सोड." "सोडला." फुस्स करून हवा सुटते, दांडी मागे जाते. लाहू खाली आणि त्याची बायको रूपी वर. दिवसभर दोघांचं बोलणं असायचं ते एवढंच, आणि भांडण व्हायचं तेही याच शब्दांतून. रूपी रागावलेली असली की "दाबला" अशी म्हणायची की लाहू खालीच हसायचा.

शेडचे नियम दोन. गाडीखाली जाणाऱ्याने आधी स्टिअरिंगला आपली चिंधी बांधायची. चिंधी दिसली म्हणजे खाली माणूस आहे, गाडीला हात लावायचा नाही. आणि ज्याने ती बांधली त्यानेच बाहेर येऊन सोडायची, दुसऱ्याने सोडायची नाही, घाई असो की मालक असो. हा पहिला. दुसरा असा की चिंधी सुटल्यावरही गाडी हलवणाऱ्याने एकदा मोठ्याने विचारायचं, "खाली कोण?" उत्तर आलं नाही की मग गिअर टाकायचा. नवे ड्रायव्हर हसायचे. एक वापीकडचा तर रोज म्हणायचा, "चालशे, चालशे, कोई नथी," म्हणजे चालेल, कोणी नाही. लाहू त्याला इंजिन बंद करायला लावायचा आणि विचारल्याशिवाय सोडायचा नाही.

२

एप्रिल दोन हजार एकोणीस. उन्हाने पत्रा तापून टकटक वाजत होता. जेवण करून लाहू उठला, दुपारच्या गाडीजवळ गेला, केबिनचं दार उघडलं, आणि खिळ्यावरून आणलेली आपली लाल चिंधी बांधायला हात पुढे केला. तर स्टिअरिंगला एक चिंधी आधीच बांधलेली होती.

पिवळी. म्हणजे कधी काळी पिवळी असावी, आता ऑइलने काळवंडलेली. गाठ मारून दोन्ही टोकं आत खोचलेली.

"रूपे, ही तू बांधलीस?"

रूपी भांडी घासत होती. "मी कशाला बांधू? मी काय खाली जाते?"

लाहू वाकला, गाडीखाली बघितलं. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. कोणी नाही. ड्रायव्हरने बांधली असेल, त्याने स्वतःला समजावलं, आरशाला लिंबू-मिरची बांधतात तशी स्टिअरिंगला चिंधी. लोकांच्या मानतांना काय सुमार आहे! गाठ सोडली, चिंधी खिशात कोंबली, आणि गाडी सावलीत घ्यायला चावी फिरवली. सवयीने विचारलंही, "खाली कोण?" उत्तर नाही. गिअर टाकला.

गाडी दोन हात गेली आणि मागचं डावं चाक कशावर तरी चढलं. हळू चढलं, क्षणभर वर राहिलं, आणि हळू उतरलं. दगडावर चाक चढतं तेव्हा हाडाला दणका बसतो. इथे दणका नव्हता. मऊ होतं.

लाहू उडी मारून उतरला, मागे धावला. जमिनीवर काही नव्हतं. नुसती माती, आणि मातीत उताणा माणूस सरकत बाहेर येतो तेव्हा पाठीने उमटतो तसा रुंद पट्टा. तो त्याचाच असणार. सकाळपासून तो तिथेच तर पडलेला होता. लाहूने पायाने माती सारखी केली. संध्याकाळी त्याने ती चिंधी जळक्या ऑइलच्या खड्ड्यात टाकली आणि काठीने तळाशी ढकलली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीच्या स्टिअरिंगला ती बांधलेली होती. कोरडी.

३

ती चिंधी लाहूने पहिल्याच दिवशी ओळखली होती. आपण उगीच त्याच्याबरोबर लपवाछपवी कशाला करायची?

ती जिव्याची. जिव्या म्हणजे लाहूचा जोडीदार. शेड दोघांनी मिळून उभी केली, पत्रे दोघांनी डोक्यावरून आणले. लग्नातल्या हळदीच्या टॉवेलची पट्टी फाडून जिव्याने आपली चिंधी केली होती. डाव्या पायाची दोन बोटं ड्रम पडून गेलेली, त्यामुळे जरा फेंगडा चालायचा, पण गाडी चालवायला बसला की बघत राहावं. लेकीच्या, दक्षाच्या वेळी रूपीच्या पोटात अपरात्री कळा सुरू झाल्या तेव्हा जिव्याने रिकामा डंपर काढून तिला पंचवीस मिनिटांत कासाच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि एकही खड्डा लागू दिला नव्हता. लाहू तेव्हा मागे उभा राहून रडत होता, हेही सांगायला हवं.

दोन हजार पंधरा साली, दिवाळीच्या तोंडावर, एका दुपारी चार गाड्या रांगेत होत्या आणि पहिल्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. लाहूने जिव्याला माठाजवळ पाणी पिताना पाहिलं. झालं काम, असं त्याला वाटलं. तो केबिनजवळ गेला, जिव्याची पिवळी चिंधी त्याने स्वतःच्या हाताने सोडली, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "जा." खाली कोण, हे विचारलं नाही. त्यानेही नाही, ड्रायव्हरनेही नाही.

जिव्या पाणी पिऊन पलीकडच्या बाजूने परत खाली गेला होता. एक चाक राहिलं होतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. लाहूच्या मुठीत ती चिंधी होती, त्याने ती खिशात घातली. आणि विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तो बाहेर आला, त्यानेच चिंधी सोडली, मग पाना राहिला म्हणून परत आत गेला. मी डोळ्यांनी बघितलं." प्यायला होता का, असं कोणी तरी विचारलं. लाहू म्हणाला, "असेल." चार अक्षरंसुद्धा नाहीत ती, पण गावाला तेवढी पुरली. जिव्या पिऊन गाडीखाली गेला आणि मेला, असंच सगळे म्हणू लागले.

जिव्याची बायको शुक्री दर वर्षी एकदा येते. कासाच्या बाजारातून परतताना उतरते, उंबराखाली बसते, पाणी मागते. मग विचारते, "भाऊ, खरंच त्यानेच सोडली?" लाहू म्हणतो, "हो." ती उठून जाते. यंदा ती एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आली होती. यंदा तिने पाणी मागितलं नाही.

४

लाहू आता रोज सकाळी पहिल्यांदा स्टिअरिंग बघायचा. चिंधी कधी असायची, कधी नसायची. असली की त्या गाडीला तो हातच लावायचा नाही. ड्रायव्हरला सांगायचा, पार्ट मिळत नाही, पुढे तलासरीला जा. ड्रायव्हर स्वतः ती चिंधी ओढून फेकायचे आणि निघून जायचे, आणि त्यांच्या चाकाखाली काही यायचं नाही. ते फक्त लाहूच्या वेळी यायचं.

एका दुपारी तो एका साध्या, बिनचिंधीच्या गाडीखाली होता. आपली लाल चिंधी बांधलेली, चपला पुढच्या चाकाजवळ काढून ठेवलेल्या. मागच्या एक्सलखाली पडून त्याने पाना लावला.

"दाब."

"दाबला."

दांडी बाहेर आली. जास्त येत होती. दोन फेरे आवळले.

"सोड."

"सोडला."

फुस्स. परत तेच, पुढचं चाक. दाब, दाबला. सोड, सोडला. चौथ्या वेळी लाहू घाम पुसत होता, अजून बोलला नव्हता, आणि दांडी बाहेर आली. थांबली. मागे गेली. कोणी तरी त्याच्या मनातलं ऐकून काम उरकत होतं. लाहूला वाटलं, रूपी कंटाळली. त्याने मान वळवली.

चाकांच्या फटीतून हापसा दिसत होता. हापशावर रूपी होती. हंडा निम्म्याहून जास्त भरला होता.

तो सरकत बाहेर आला, केबिनचं दार उघडलं. सीट रिकामी. मागे वळून चपला घालायला गेला तर चपलांची टोकं गाडीकडे झालेली. काढताना माणूस त्या बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवतो, म्हणजे निघाल्यावर पाय सरळ आत जातात. आता कोणी तरी त्या घालून गाडीकडे चालत आल्यासारख्या दिसत होत्या.

"किती वेळ गेलीस?" त्याने रूपीला विचारलं.

"मगाशीच तर सांगितलं तुला, पाणी भरून येते. तू हो म्हणालास."

लाहूला ते आठवत नव्हतं. ऊन लागलं असेल. बारा वर्षं तीच दोन वाक्यं ऐकून कान आपोआप भरतात, कोणी बोललं नाही तरी. असं त्याने मनाशी दहा वेळा म्हटलं, आणि तो मनातून पार घाबरला होता. रूपीला सांगून मोकळं व्हावं असं त्याला त्या रात्री फार वाटलं. पण चिंधी सांगायची तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. ती शुक्रीची मैत्रीण.

५

एकोणतीस तारखेला मतदान होतं. लाहू आणि रूपी सकाळीच शाळेत जाऊन मत देऊन आले, बोटाला शाई लावून. शेडमध्ये एकच डंपर उभा होता, प्रवीणचा. प्रवीण ड्रायव्हर मूळचा झरीचा, मत द्यायला गावी जायचं म्हणून लाहूची मोटारसायकल घेऊन गेला होता. जाताना म्हणाला, "ट्रॉली उचलायचा हवेचा पाईप फुटलाय, रात्रीत सगळी हवा गेली. नवा मिळाला तर टाकून ठेव." दुकानं बंद, पाईप कुठून मिळणार? लाहूने मान हलवली. मतदानाचा दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि स्टिअरिंगला चिंधीही नाही, हे त्याने बघून घेतलं होतं. त्याला आठ दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

दक्षा बारा वर्षांची. जुन्या ड्रमच्या चळतीमागे कोंबडी अंडी घालायची, ती काढायला तिने हात घातला. अकरा वाजले असतील.

"आई, काही तरी चावलं," असं म्हणत ती आली. घाबरलेलीसुद्धा नव्हती. मनगटावर दोन बारीक ठिपके. लाहूने पहारीने ड्रम उलथले तेव्हा मागून काळं, लांबट काही तरी सरकत उंबराच्या मुळाशी गेलं. नीट दिसलं नाही.

अँब्युलन्सला फोन केला. पलीकडच्या बाईने नीट ऐकून घेतलं, गाडी डहाणूच्या बाजूला आहे म्हणाली, तास लागेल, मुलीला चालवू नका. जीपवाल्यांना फोन केले. सगळ्या जीप निवडणुकीच्या कामावर. एकाने फोन उचलला तो लांब, वाडा गावाजवळ होता. लाहू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पंधरा मिनिटं उभा राहिला. एकही गाडी आली नाही.

"बाबा, मला दोन दोन दिसतंय," दक्षा म्हणाली. तिच्या पापण्या मिटू लागल्या होत्या आणि ती बोटाने एक पापणी वर धरून त्यांच्याकडे बघत होती.

रूपीने दक्षाला उचललं आणि डंपरच्या केबिनकडे चालायला लागली.

६

कासा तेरा किलोमीटर. पण डंपर म्हणजे जीप नव्हे, चावी फिरवली आणि निघाला असं नसतं. टाकीत हवा नसली की मागची चाकं आपोआप जाम होतात, राक्षस बांधला तरी हलत नाहीत. इंजिन चालू ठेवायचं, हवेचा काटा सहावर यायची वाट बघायची, मग हँडब्रेक सोडायचा. चांगल्या गाडीला पाच मिनिटं लागतात. लाहूने इंजिन चालू केलं. काटा दोनवर आला, तीनवर आला, आणि तिथेच थरथरत उभा राहिला. मागून सू सू आवाज येत होता. फुटलेला पाईप भरेल तेवढी हवा खात होता.

"ही कोणाची?" रूपी म्हणाली.

लाहूने खाली बघितलं. त्याच्या दोन हातांच्या मध्ये, स्टिअरिंगला, पिवळी चिंधी होती. आत चढताना नव्हती. टोकं नीट खोचलेली.

"सोड ना ती. बघत काय बसलास?"

लाहूने हात पुढे केला आणि त्याचा हात चिंधीपर्यंत जाईना. ही सोडायची, गाडी हलवायची, ते मऊ चाकाखाली घ्यायचं, आणि तेही पोर मांडीवर मरत असताना? आणि चाक त्याच्यावर चढून थांबलं तर? उतरलंच नाही तर? त्याला रडू फुटलं. रूपीने त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली उतरला.

"पाईप बांधून येतो. मी येऊन चिंधी सोडेपर्यंत कशाला हात लावू नको."

"लवकर," रूपी म्हणाली. "ती नीट श्वास घेत नाहीये."

चपला काढल्या. वायरचा तुकडा दातात धरला. उताणा होऊन तो आत सरकला, मागच्या एक्सलपर्यंत. वर इंजिन धडधडत होतं. फुटका पाईप एक्सलच्या पलीकडून गेलेला. त्याला हात लावायचा तर बूस्टर आणि ब्रेकचा आडवा हात यांच्या मधल्या फटीतून उजवा हात घालावा लागत होता. ब्रेक जाम असताना ती फट मनगट जाईल एवढी असते. त्याने हात घातला, पाईप दुमडला, वायरचे वेढे मारले, पिळलं. सू सू बारीक झालं आणि थांबलं.

आवाज थांबला आणि दुसरा ऐकू आला. कोणी तरी श्वास घेत होतं. एक्सलच्या पलीकडे, त्याच्या डोक्याशी डोकं करून, तसंच उताणं पडून. उन्हात काम केलेल्या माणसाचा, तोंडाने घेतलेला श्वास. जळक्या ऑइलचा वास येत होता, आणि त्याखाली हळदीचा.

लाहूने डोळे मिटले.

"जिव्या," तो म्हणाला. "मी सोडली होती. तू नाही. मीच सोडली, आणि विचारलं नाही. तू प्यायलेला नव्हतास. शुक्रीला मी सांगेन, गावासमोर सांगेन, पोलिसांना सांगेन. पण आज तू बाहेर ये. पाया पडतो तुझ्या. दक्षा आहे वर. तू नेलं होतंस ना रे तिच्या आईला."

श्वास थांबला. मग मातीवरून पाठ सरकल्याचा आवाज आला. बूड टेकवत, खांदे हलवत, माणूस गाडीखालून निघतो तसा. पलीकडे. बाहेर.

७

लाहूने मान वाकडी करून बघितलं. पुढच्या उजव्या चाकाजवळ उन्हात दोन पाय उभे होते. डाव्याला बोटं तीनच. ते पाय सावकाश वळले आणि त्याच्या चपलांमध्ये गेले.

एक हात खाली आला. चाकाला आड लावलेला उटीचा दगड त्याने उचलला, आणि इतर ड्रायव्हर देतात तसा तिथेच टाकून न देता, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला. जिव्या नेहमी तसंच करायचा, मागून येणाऱ्याच्या टायरला लागू नये म्हणून. मग केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला.

लाहूला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्याला फक्त एवढंच कळलं की तो बाहेर आला, आता चिंधी सुटेल, आता निघायचं. तो हात काढून घ्यायला लागला.

"झालं?" वर रूपीचा आवाज. "काटा सहावर आला. सोड ती चिंधी, निघ."

मग रूपी म्हणाली, "सुटली एकदाची."

आणि हँडब्रेक सुटला. फुस्स. दांडी बूस्टरमध्ये मागे गेली, आडवा हात तिच्याबरोबर मागे आला, आणि लाहूचं उजवं मनगट मध्ये सापडलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला दुखण्याच्या आधी आला. त्याने तोंड उघडलं, पण आत गेलेला श्वास बाहेरच येईना. तो एक्सलला बांधला गेला होता, आणि मागची जोडचाकं त्याच्या खांद्यापासून वीतभर होती.

"तुझ्या बोटाची शाई कुठे गेली रे?" वर रूपी विचारत होती.

"पुसली."

तो आवाज लाहूचाच होता. बोलण्याची ढब लाहूची, घसा बसलेला तोही लाहूचाच.

आता श्वास आला. ओरडणं त्याच्या गळ्यापर्यंत आलं, आणि तिथे लाहूने ते धरलं. कारण तो ब्रेकवाला होता, आणि पुढचं सगळं त्याला बोटावर मोजल्यासारखं दिसलं. ओरडलो की रूपी थांबवेल. मला सोडवायला पुन्हा ब्रेक जाम करावा लागेल, रूपी उतरेल, पोरगी सीटवर एकटी. मी बाहेर निघेन तो एका हाताचा, मोडलेल्या. दहा चाकांचं धूड तीन वळणांवरून एका हाताने कोण उतरवणार? रूपीला चालवता येत नाही. आणि जो वर बसलाय तो, मी ओरडलो की, वर राहील का? तो पंचवीस मिनिटांत पोचवतो. एकही खड्डा लागू देत नाही.

"दक्षा," रूपी म्हणत होती, "दक्षा, डोळे उघड. निघालो आपण. बाबा नेतोय बघ."

उद्या लोक रूपीला विचारतील. ती सांगेल, तो बाहेर आला, त्यानेच चिंधी सोडली, माझ्या शेजारी बसला, मी डोळ्यांनी बघितलं. शपथ घेऊन सांगेल. शुक्रीलाही तेच सांगेल. आणि ज्याला खरं सांगायचं होतं तो इथे पडलेला असेल.

इंजिनचा आवाज चढला. क्लच दाबला गेला. मग खिडकीची काच खाली झाली, आणि लाहूच्या आवाजात, नियमाप्रमाणे, मोठ्याने कोणी तरी विचारलं,

"खाली कोण?"

लाहूने डावा हात तोंडावर दाबून धरला. त्याचे दात त्याच्याच तळव्यात रुतले होते. पत्रा उन्हाने टकटक वाजत होता, आणि वर उत्तराची वाट बघितली जात होती, बरीच, रोज बघतात त्यापेक्षा जास्त.

मग काच वर झाली आणि गिअर पडला.